शहराच्या भिंतीवरचा तवा

कमालच्या स्वयंपाकघराला चार भिंती होत्या. त्यांतल्या तीन त्याच्या स्वतःच्या आणि चौथी कुवेत शहराची.

ही गोष्ट तो कोणापासून लपवत नसे. जुम्याच्या दिवशी कोणी जेवायला आलं की तो चुलीमागच्या त्या जाडजूड मातीच्या भिंतीवर थाप मारून म्हणायचा, "सरकारी माल हाय. तोफेला दाद देणार नाय." तोफेचं माहीत नाही, पण थाप मारली की भिंतीतून थोडी माती आमटीत पडत असे, आणि पाहुणे ती मुकाट्याने खात.

कुवेतभोवती तेव्हा, म्हणजे सत्तावन्न सालापर्यंत, समुद्रापासून समुद्रापर्यंत अशी मातीची तटबंदी होती. दोन पुरुष उंच, मधूनमधून बुरूज, आणि वाळवंटाकडे उघडणारे मोजके दरवाजे. मिरकाब मोहल्ल्यात अगदी तटाला खेटून अबू यूसुफ नावाच्या म्हाताऱ्या कुवेतीचं दोन खोल्यांचं घर होतं, त्यात कमाल भाड्याने राहायचा. घराच्या मागे थोडी मोकळी जागा आणि तिच्या पलीकडे तट. ही जागा पाहिली मात्र, कमालच्या डोक्यात जे आलं ते दुसऱ्या कोणा भाडेकरूच्या डोक्यात आलं नसतं, कारण दुसरा कोणी रेवदंड्याचा नव्हता.

रेवदंडा हे गाव कोटाच्या आत वसलेलं आहे. कोट फिरंग्यांनी बांधला. फिरंगी गेले, कोट राहिला, आणि तो कोणाच्याच बापाचा नसल्यामुळे हळूहळू सगळ्यांचा झाला. कोणाची नारळाची वाडी त्याला टेकलेली, कोणाचा गोठा, कोणाची मोरी. कोणी त्याला जाळी वाळत घालतं, कोणी गोवऱ्या थापतं. कोटाला खुंटी ठोकताना रेवदंड्यात आजवर कोणी कोणाची परवानगी मागितलेली नाही. मागितली असती तर घरच्यांनी त्याला अलिबागला डॉक्टरकडे नेलं असतं.

तेव्हा कमालने घराच्या दोन्ही बाजूंनी विटामातीच्या दोन भिंती काढल्या आणि त्या सरळ नेऊन शहराच्या तटाला भिडवल्या. आत तटाच्या कडेने चूल, न्हाणी आणि भांडी घासायची मोरी बसवली. तटाला अकरा खुंट्या ठोकल्या. त्यातल्या मधल्या खुंटीवर तवा. वीस फूट लांबीची, दोन पुरुष उंचीची भिंत फुकटात पदरात पडली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की नागोबाला त्याच्या गावी कोणी कोटात वाढवलेलं नसतं.

हा सगळा खटाटोप होता फखरुन्निसासाठी.

फखरुन्निसा म्हणजे त्याची बायको. लग्नाला वीस वर्षं झाली होती. त्यातली अर्धी तो बोटीवर भांडारी, म्हणजे स्वयंपाकी होता आणि गेली सहा वर्षं कुवेतला एका व्यापाऱ्याच्या गोदामात स्टोअरकीपर. दोन-तीन वर्षांनी रजेवर जायचा, महिनाभर पाहुण्यासारखा राहायचा आणि निघायचा. आता मुलगी असमाचं लग्न होऊन ती बाणकोटला गेली होती, घर मोकळं झालं होतं, आणि फखरुन्निसाने पत्रात लिहिलं होतं की ती येऊन बघेल. पुढे लिहिलं होतं: "घर कसलंही चालेल. आडोसा पाहिजे. परक्या लोकांसमोर भांडी घासायला मी तेवढ्या लांब येणार नाही. आडोसा नसला तर ज्या बोटीने येईन त्याच बोटीने परत जाईन."

ज्यांना फखरुन्निसा माहीत नाही त्यांना ही धमकी वाटेल. कमालला माहीत होतं की हे वेळापत्रक आहे. मुंबईची बोट कुवेतला माणसं उतरवून पुढे बसऱ्याला जायची आणि पाच दिवसांनी परतीच्या वाटेवर पुन्हा कुवेतला थांबायची. फखरुन्निसाने हे चौकशी करूनच लिहिलं असणार.

कमाल अक्षरं शिकला तो अठ्ठाविसाव्या वर्षी, बोटीवर, बटाट्यांच्या पोत्यावर बसून. त्यामुळे तो पत्रात एकेक शब्द पारखून लिहायचा. त्याने उत्तर पाठवलं: "आडोशाची काळजी नको. इथं आपला कोट आहे." 'आपला' हा शब्द लिहिताना तो थोडा थांबला होता. मग लिहून टाकला.

बोटीला बावीस दिवस राहिले असताना सकाळी शेजारचा मजीदभाय आला. मजीदभाय श्रीवर्धनचा, धंद्याने शिंपी. गळ्यात मापाची फीत घालूनच तो झोपेतून उठत असावा.

"कमाल, तुजी भिंत चालली."

"कुठं?"

"खाली."

कमालने हातातला चहा ठेवला.

"सरकारचा हुकूम निघाला," मजीदभाय म्हणाला. "सगळा तट पाडणार. शहर वाढलं, आता तट आड येतो. तिथून मोठा रस्ता जाणार. दरवाजे तेवढे ठेवणार."

"दरवाजे कशाला?"

"आठवण म्हणून."

"अरे पण भिंतच नाय तर दरवाजा लावायचा कशासाठी आन उघडायचा कशासाठी?"

"ते मी काय सांगू? मना काज आन बटण समजतं. दोन्ही असायला लागतात एवढं खरं."

कमालने आत जाऊन भिंतीकडे पाहिलं. तवा शांतपणे खुंटीवर लटकत होता. त्याला काही कल्पना नव्हती.

जुम्याला फहाहीलहून रियाज आला. रियाज तेल कंपनीत पंपावर फिटर होता, पण बोलायला लागला की विहिरी त्यानेच खोदल्या असं वाटावं. त्याने बिर्याणी संपेपर्यंत सगळं ऐकून घेतलं आणि हात धुता धुता निकाल दिला.

"केस टेक्निकल हाय. दरवाजे ठेवणार ना? मग अर्जात लिही, की ही भिंत शामिया दरवाजाला सपोर्ट देते. ही काढली तर दरवाजा बसेल."

"दरवाजा इथून दोनशे पावलांवर हाय, रियाज."

"सपोर्ट लांबूनच देतात. माझे वडील मना मुंबईहून द्यायचे."

मजीदभायला हे पटलं. मजीदभायला कोणाचंही पटत असे, हा त्याचा स्वभाव होता आणि त्यामुळे त्याने शिवलेले सदरे कधीच कोणाला नीट बसत नसत. दोघांनी मिळून कमालला इतकं पटवलं, की संध्याकाळपर्यंत त्याला स्वतःलाच शामिया दरवाजाची काळजी वाटायला लागली.

शनिवारी गोदामातून अर्ध्या दिवसाची रजा काढून तो कचेरीत गेला. कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसलेल्या अर्जनविसाकडून त्याने अरबीत अर्ज करून घेतला. अर्ज सुंदर होता. त्यात पहिलं अर्धं पान सलाम आणि दुवा होत्या, मग शामिया दरवाजाच्या प्रकृतीबद्दल चिंता होती, आणि स्वयंपाकघराचा उल्लेख कुठेच नव्हता.

खिडकीमागे जाड चष्म्याचा एक कारकून होता. फिलिस्तीनचा असावा. आवाज मऊ आणि चेहरा असा, की जगातले सगळे अर्ज वाचून झाले आहेत आणि एकातही काही निघालं नाही. त्याने अर्ज वाचला, मग छापील फॉर्म पुढे ओढला.

"तू भिंतीचा कोण?"

कमालला प्रश्न समजला नाही. बाजारापुरती अरबी त्याला येत होती, पण बाजारात असं कोणी विचारत नाही.

"फॉर्ममध्ये लिहावं लागतं," कारकून समजावून म्हणाला. "मालक, भाडेकरू, की कंत्राटदार?"

कमालने पुष्कळ विचार केला. "शेजारी," तो म्हणाला.

कारकुनाने चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि 'शेजारी' असं लिहिलं. मग म्हणाला, "भिंतीचा फोटो आण. नकाशा आण. आणि भिंतीची माहिती असलेला इथला एक जुना माणूस साक्षीला आण."

फोटो काढायला बाजारातला फोटोग्राफर आला. भिंतीचा वीस फुटांचा तुकडा एका फोटोत बसवायचा म्हणून तो मागे मागे सरकत न्हाणीच्या बादलीत बसला. पण फोटो चांगला आला. इतका चांगला, की त्यात अकराही खुंट्या दिसत होत्या. एकीवर टॉवेल, एकीवर चट्ट्यापट्ट्यांची लुंगी, आणि बरोबर मध्यभागी, एखाद्या बादशहाच्या ढालीसारखा, तवा.

नकाशा मजीदभायने काढला. तपकिरी कागदावर शिंप्याच्या खडूने. तट त्याने कॉलरसारखा गोल काढला, दरवाजे काजांसारखे, आणि सगळीकडून दोन बोटं जास्त सोडली. "शिलाईत जातात," तो म्हणाला.

राहिला साक्षीदार. त्यासाठी अबू यूसुफपेक्षा चांगला माणूस मिळणार नव्हता. म्हातारा तरुणपणी गलबतावर होता. लाकूड आणायला मलबारला, खजूर विकायला मुंबईला अशा पंचवीस-तीस खेपा त्याने केल्या होत्या आणि तो मुंबईच्या बंदरावरचं हिंदुस्थानी छान बोलायचा. कमालने जेव्हा दोन भिंती काढून तटाला जोडल्या, तेव्हा हा मालक म्हणून रागावेल अशी त्याला भीती होती. पण म्हातारा आला, भिंती बघून हसला आणि निघून गेला होता. तो का हसला हे कमालला कचेरीत कळलं.

कारकुनाने नकाशा उलटासुलटा करून पाहिला. फोटो बराच वेळ पाहिला. त्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"तवा."

"हाही राखून ठेवायचा आहे का?"

मागे रांगेत उभी असलेली माणसं फोटो बघायला पुढे झुकली. कमालचे कान तापले. बोटीवर दहा वर्षं साहेबांना जेवू घातलेला माणूस तो. त्याच्या लुंगीचा फोटो चार देशांची माणसं हातोहात फिरवत होती. काही प्रसंगी माणसाने छताकडे पाहावं, तसं त्याने पाहिलं.

"चाचा," कारकून अबू यूसुफला म्हणाला, "तुम्हाला या भिंतीबद्दल काय माहीत आहे?"

"सगळं," अबू यूसुफ म्हणाला. "मी बांधली."

रांगेतली माणसं फोटो सोडून म्हाताऱ्याकडे वळली. कमालची छाती भरून आली.

"रमजान होता आणि उन्हाळा," म्हातारा सावकाश सांगू लागला. "दुश्मन येणार अशी बातमी होती. सगळा गाव कामाला लागला. कोणी माती वाहायचं, कोणी चिखल तुडवायचं. दोन-तीन महिन्यांत भिंत उभी. हा तुकडा माझ्या आणि माझ्या धाकट्या भावाच्या वाट्याला आला. भाऊ आळशी. अल्लाह त्याला माफ करो. चिखलात त्याने माती कमी आणि शिंपले जास्त घातले. सबंध तटात याच्याइतका वाकडा आणि कच्चा तुकडा दुसरा नाही. सदतीस वर्षं येता-जाता मला त्याची लाज वाटते."

"पण शामिया दरवाजाला याचा आधार आहे, असं अर्जात लिहिलंय."

"दरवाजाला?" म्हातारा मनापासून हसला. "अरे बाबा, या तुकड्याला स्वतःचा आधार नाही. याला कमालच्या स्वयंपाकघराचा आधार आहे."

कारकुनाने हे सगळं लिहून घेतलं, शिक्का मारला आणि कमालच्या हातात नंबराची चिठ्ठी दिली. "उत्तर येईल."

"आणि तोवर पाडायची मशीन आली तर?"

"मशीन आमच्याकडे नाही. मशीन दुसऱ्या कचेरीकडे आहे."

परतताना अर्ध्या वाटेपर्यंत कमालने कळ काढली. मग त्याला राहवेना. "अबू यूसुफ, खोटं बोला असं मी म्हणालो नव्हतो. पण इतकं खरं बोलायची काय गरज होती?"

"शिक्का मारतात तिथे मी खोटं बोलत नाही," म्हातारा म्हणाला. "तुझी बायको कुठली? रेवदंड्याची ना? तिथल्या खाडीत आम्ही एकदा गोडं पाणी भरायला थांबलो होतो. तिथल्या बायका अंगणात बसून झाडाच्या पानांच्या भिंती विणत होत्या. एका सकाळी एक भिंत. मी मुकादमाला म्हणालो, आम्हाला कोणी ही विद्या सांगितली असती तर..."

पण कमाल ऐकत नव्हता. चिठ्ठीवरचा नंबर शुभ आहे की अशुभ, याचा तो विचार करत होता.

बोट मुंबईहून सुटल्याची तार आली आणि त्यानंतर चौथ्या दिवशी मशीन आली.

सकाळची वेळ होती. कमाल चुलीवर चपाती टाकत होता. भिंतीपलीकडे घरघर ऐकू आली तसा तो तवा तसाच ठेवून, हातात चिमटा आणि चिठ्ठी घेऊन धावत वळसा घालून पलीकडे गेला. बुलडोझरवर एक दाढीवाला पठाण बसला होता. कमालने चिठ्ठी वर धरली.

"अर्ज दिला हाय! नंबर मिळाला हाय!"

पठाणाने मशीन बंद केली, खाली उतरला, चिठ्ठी अदबीने हातात घेतली आणि उलटी धरून बराच वेळ पाहिली. त्याला वाचता येत नव्हतं. कमालला एकदम आपले बटाट्याच्या पोत्यावरचे दिवस आठवले आणि त्याला त्या माणसावर रागावता येईना.

"भाई, कागद अच्छा है," पठाण चिठ्ठी परत देत म्हणाला. "लेकिन मेरे को बोला, यहाँ से वहाँ तक. तुम्हारा सामान है अंदर? निकाल लो. मैं बैठा हूँ."

आणि तो खरंच बसला. कमालने एकेक खुंटी मोकळी केली. लुंगी, टॉवेल, झारा, किसणी, सगळ्यात शेवटी चुलीवरचा, अजून गरम असलेला तवा. पठाणाला त्याने त्याच तव्यावरची चपाती आणि चहा दिला. पठाणाने दुवा दिली, मशीनवर चढला आणि भिंतीला हलकासा धक्का दिला. धक्का म्हणण्यासारखा नव्हताच तो. अबू यूसुफचं म्हणणं खरं निघालं. पिठाचा डबा कलंडावा तशी सगळी भिंत फस्सकन खाली आली, आणि धूळ बसल्यावर ढिगाऱ्यात शिंपलेच शिंपले चमकायला लागले.

आता कमालच्या चुलीसमोर सगळं अरबस्तान पसरलं होतं.

माणसाला मोकळी हवा आवडते असं म्हणतात, पण ती न्हाणीत नको. तटाच्या जागेवरून दोन दिवसांत कच्चा रस्ता सुरू झाला आणि फहाहीलची बस त्यावरून जाऊ लागली. बस बरोबर कमालच्या मोरीसमोर खड्ड्यामुळे हळू व्हायची. उतारू वाकून सलाम करायचे, आणि सलामाला उत्तर देणं वाजिब असल्यामुळे कमाल अंगावर साबण असतानाही उत्तर द्यायचा. जुम्याला त्याच बसच्या खिडकीतून रियाजने हाक मारली, "अरे, दरवाजा अजून उभा हाय! बसला नाय!" जणू तो आनंदाची बातमी देत होता.

कमालने हार मानली नाही. गोदामातली मोडक्या खोक्यांची फळकुटं आणून ठोकली. ती वाऱ्याने पडली. गोणपाट बांधलं. गोणपाटातून बाहेरचं दिसत नसे, पण बाहेरून आतलं सगळं दिसे, हे मजीदभायने रस्त्यावर उभं राहून खात्री करून सांगितलं. शेवटी पत्रे उभे केले. बोट यायच्या आदल्या दिवशी वाळूचं वादळ सुटलं. दोन पत्रे मजीदभायच्या छपरावर गेले आणि तिसरा कुठे गेला ते आजतागायत कळलेलं नाही.

बोट आली. लाँचमधून धक्क्यावर उतरताना फखरुन्निसाने आधी पदर सावरला, मग आपली काळी ट्रंक मोजली. ट्रंक एकच होती, तरी मोजली. तिला काथ्याच्या सुंभाचे असे वेढे दिले होते, की ती ट्रंक आहे हे कळायला जवळ जावं लागे.

"वाळलात," ती म्हणाली. दोन वर्षांनी भेटल्यावरचं हे पहिलं वाक्य.

कमालने टॅक्सी केली होती. बंदर शहरातच आणि मिरकाबही शहरातच. पण फखरुन्निसाला शामिया दरवाजातून आत आणायचं, हे त्याने भिंत शाबूत असतानाच ठरवून ठेवलं होतं. दरवाजातून आत यायचं तर आधी बाहेर जायला हवं. टॅक्सीवाल्याला ते काही केल्या पटेना. तट पडलेल्या मोकळ्या जागेतून तो बाहेर पडला, वळला, आणि आता दरवाजातून कशाला, असाच बाजूने आत जातो म्हणाला.

फखरुन्निसाने खिडकीतून पाहिलं. समोर माळावर एक मातीचा दरवाजा एकटाच उभा होता. डाव्या हाताला काही नाही, उजव्या हाताला काही नाही. एक गाढव त्याच्या सावलीत उभं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आपल्या चपलेकडे पाहत होता.

"हाच काय तो कोट?"

"याला भिंत होती," कमाल म्हणाला. "मागल्या आठवड्यापर्यंत होती."

तिने पुन्हा एकदा दरवाजाकडे पाहिलं. मग टॅक्सीवाल्याला म्हणाली, "भाय, दरवाजातनंच घ्या. एवढा उभा हाय बिचारा."

घरी आल्यावर मात्र दरवाजासारखी सवलत मोरीला मिळाली नाही. तिने चूल पाहिली, मोरी पाहिली, मग समोरचा रस्ता पाहिला. त्याच वेळी फहाहीलची बस आली, हळू झाली आणि चाळीस माणसांनी सलाम केला. फखरुन्निसाने बुरखा पुन्हा चढवला आणि तशीच आत गेली. ट्रंकेचा सुंभ तिने सोडला नाही. लागतील ते कपडे बोचक्यातून काढले. भांडी घासायची वेळ आली तेव्हा ती कमालला घासायला लावली. त्याला बस ओळखत होतीच.

ट्रंक खोलीच्या मधोमध होती. येता-जाता कमालचा पाय तिला लागायचा. बोट बसऱ्याला पोचली असेल, असा हिशेब तो मनात करायचा आणि पुन्हा पाय लागायचा.

दुसऱ्या दिवशी अबू यूसुफ खजूर घेऊन भेटायला आला. फखरुन्निसा दाराआडून बोलली.

"चाचा, इथं झावळ्या मिळतात काय?"

"खजुरीच्या? जहऱ्याच्या बागांतून पाहिजे तेवढ्या."

दुपारी गाढवावरून झावळ्या आल्या. कमाल गोदामातून परतला तेव्हा ती त्या उंबऱ्याशी घेऊन बसली होती आणि बोटं चोखत होती.

"ही कसली झावळी? झाप विणायला घेतला तर सुयांच्या पुड्यात हात घातल्यासारखं होतं. आपल्या माडाची सर नाय हिला."

"मग ऱ्हाऊ दे," कमाल हळूच म्हणाला. त्याला 'राहू दे' म्हणायचं होतं की 'राहा' म्हणायचं होतं, हे त्याचं त्याला कळलं नाही.

"विणता नाय आली तर उभ्या लावून बांधता येतील," ती स्वतःशीच म्हणाली. "सुंभ पायजे. मिळतो इथं?"

"काथ्याचा नाय मिळत."

ती "हं" म्हणाली आणि कामाला लागली. चौथ्या दिवसापर्यंत चिंध्यांनी आणि मजीदभायच्या दुकानातल्या पट्ट्यांनी बांधलेला अर्धा कूड उभा राहिला. तो वाऱ्याने वाकत होता. कमालला त्याकडे बघवेना.

पाचव्या दिवशी, बोट परतायच्या दिवशी, त्याने रजा काढली. ट्रंक उचलायला माणूस हवा. सकाळी तो टॅक्सी सांगायला नाक्यापर्यंत गेला, टॅक्सी न सांगताच परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा परतला तेव्हा दारात जाड चष्म्याचा तो कारकून उभा होता. काखेत फाइल, हातात मापाची पट्टी. बरोबर अबू यूसुफ होता आणि गळ्यात फीत घेतलेला मजीदभाय.

"तुझ्या अर्जाचं उत्तर," कारकून म्हणाला आणि त्याने कागद वाचून दाखवला. अर्जदाराच्या लगतचा वीस फूट तट, साक्षीदाराचं निवेदन ध्यानात घेऊनही, पुढील हुकूम होईपर्यंत आहे त्या जागी राखण्याची परवानगी देण्यात येत आहे. तो सांभाळण्याची जबाबदारी अर्जदार, शेजारी, याच्यावर राहील.

वरातीमागून घोडं यावं, तेही कडेला सही करायला सांगत, तसा तो प्रकार होता.

"आता भिंत दाखव. ती जागेवर आहे असा शेरा मारून मला फाइल बंद करायची आहे. नसली तर ती कुठे गेली, हे तुला लिहून द्यावं लागेल."

कमाल त्यांना मागच्या बाजूला घेऊन गेला आणि स्वतःच थबकला.

मोरीपलीकडे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हिरवागार कूड उभा होता. झावळीला झावळी अशी बिलगलेली, की मध्ये बोट जाऊ नये. रस्त्यावरून बस गेली ती नुसती ऐकू आली. फखरुन्निसा बुरखा घेऊन बाजूला झाली.

कारकुनाने चष्मा पुसला. पट्टी काढली. दुसरं टोक मजीदभायने धरलं.

"वीस फूट," मजीदभाय म्हणाला. "शिलाई धरून."

कारकुनाने फाइल पाहिली, कूड पाहिला, पुन्हा फाइल पाहिली. "साक्षीदार काय म्हणतो?"

अबू यूसुफने पुढे होऊन कुडावरून हात फिरवला. "लिही," तो म्हणाला. "सदतीस वर्षांत पहिल्यांदा हा तुकडा सरळ आहे."

कारकून प्रथमच हसला. हसण्याची त्याला सवय नव्हती, ते थोडं एका बाजूला गेलं. त्याने लिहिलं, 'भिंत जागेवर आहे', शिक्का मारला, कोकमाचं सरबत प्यायला आणि गेला.

कमाल कुडाजवळ गेला. झावळ्या ज्याने आवळल्या होत्या ती दोरी त्याने बोटाने चाचपली. काथ्याचा सुंभ होता. त्याने वळून दारातून खोलीत पाहिलं. ट्रंक भिंतीशी सरकवलेली होती, झाकण उघडं, आत कोकम, सुके बोंबील आणि घड्या केलेली लुगडी. दूरवर बंदरात बोटीने भोंगा दिला.

"ही ट्रंकेची दोरी हाय," तो म्हणाला.

"मग? तुमीच म्हणालात, इथं सुंभ मिळत नाय."

भोंगा दुसऱ्यांदा वाजला. फखरुन्निसाने कान दिला नाही. कारकून अर्जासोबतचे कागद परत देऊन गेला होता, त्यातला फोटो तिने उचलला होता. अकरा खुंट्या, टॉवेल, चट्ट्यापट्ट्यांची लुंगी आणि मधोमध तवा. तिने तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"भिंत बरी होती," ती म्हणाली. "तवा घासलेला नाय."